दत्तकाचे कागद आणि मुलाची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. गेली बारा वर्षे दुपारी शिशुगृहात जाते, मुलांना भरवते, निजवते आणि अक्षर बरे म्हणून कार्यालयातले कागदही लावते. आज बोलणार आहे ते त्या कागदांविषयीच. विषय रुक्ष वाटेल. पण प्रत्येक फाइलीत एक मूल अडकलेले असते, म्हणून ऐकून घ्यावे.

एका मुलीला आपण चिमी म्हणू. तिचे एक पाऊल जन्मतःच आत वळलेले. उपचार झाले, पोर धावू लागली. पण आपल्याकडची कुटुंबे तिची माहिती वाचताना पावलापाशी अडत आणि मागे फिरत. ती चार वर्षांची झाली, तेव्हा इटलीतल्या एका जोडप्याने होकार कळवला. राखीपौर्णिमेच्या सुमारास त्यांच्या घराच्या फोटोंचा आल्बम आला. जिना, कुत्रा, खिडकीजवळची छोटी खाट. चिमीला वाटले, उद्याच जायचे!

भगिनींनो, उद्या कुठला? तिकडे त्या दोघांच्या घराची, मिळकतीची, प्रकृतीची चौकशी झाली होती. इकडे चिमीचा अहवाल, डॉक्टरांचा अहवाल आणि ती दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्याचा बालकल्याण समितीचा दाखला तयार होता. पुढे दिल्लीच्या ‘कारा’चे ना-हरकत पत्र, मग दत्तकाचा आदेश, मग जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. एक कागद दुसऱ्याची वाट पाहतो आणि मूल सगळ्यांची. त्यातच एका कागदावर तिच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग ‘आय’ने, तर दुसऱ्यावर दोन ‘ई’ने निघाले. त्या एका अक्षरापायी सहा आठवडे गेले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिकडून आलेले बूट होईनासे झाले. पोर रोज विचारी, “आजी, आज विमान?” मी त्या कागदांना मनसोक्त शिव्या घातल्या.

त्याच दिवसांत शिशुगृहात एक परदेशी पोशाखातली, पण आपल्याच रंगरूपाची बाई आली. वय चाळिशीचे. 1980 च्या सुमारास ती येथूनच युरोपात दत्तक गेली होती. आपली फाइल पाहायला आली होती. आम्ही ती काढली. आत एकच पान! तारीख, वजन आणि ‘मुलगी, अंदाजे तीन आठवडे’. तिने ते पान पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती. तिने विचारले, “मला त्या दिवसांत कोणी उचलून घेत होते का?” मला उत्तर देता येईना. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

तेव्हा कळले की कागद कशासाठी. त्या काळी परदेशी दत्तकावर पुरेशी देखरेख नव्हती. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि 1984 साली न्यायालयाने नियम घालून दिले. 1990 साली ‘कारा’ स्थापन झाली. 1993 च्या हेगच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 2003 साली मान्यता दिली. मूल स्वखुशीने सोपवणाऱ्या आईलाही फेरविचाराला साठ दिवस मिळतात. मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षे त्याच्या खुशालीचे अहवाल मागवले जातात. हे सारे कुणी आईची फसवणूक करू नये, कुणी मूल विकू नये, म्हणून आहे.

आपल्यातल्याच एकीने मला मागे विचारले होते, “ओळखीच्या सुइणीकडून परस्पर मूल मिळते; एवढी यातायात कशाला?” बाई ग, तो गुन्हा आहे. आणि गुन्ह्याचे राहू द्या. त्या मुलाने मोठेपणी ‘मी कोणाचे?’ विचारले, तर त्याच्या हाती कोणते पान देणार?

पण म्हणून दिरंगाई क्षम्य ठरत नाही. चौकशीला लागणारा वेळ मुलाच्या हिताचा; स्पेलिंगच्या चुकीपायी गेलेले सहा आठवडे मात्र त्याच्या बालपणातून चोरलेले. तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. प्रत्येक कागद पुढे जाण्यापूर्वी नाव अक्षर अक्षर ताडून पाहते. आणि प्रत्येक मुलाची एक वही ठेवते. पहिला दात कधी आला, कोणत्या अंगाईने झोप लागे, कोणाच्या कडेवर रडू थांबे, सारे तीत लिहिते.

होळीनंतर चिमीचे आईवडील स्वतः न्यायला आले. ती पडद्याआड लपली. त्या माउलीने घाई केली नाही. जमिनीवर मांडी घालून अर्धा तास नुसती बसून राहिली. शेवटी चिमीच आल्बम घेऊन गेली आणि कुत्र्यावर बोट ठेवून विचारते कशी, “हा कुठाय?”

जाताना वही मी त्या आईच्या हाती दिली. पहिल्या पानावर लिहिले होते, ‘हिला आम्ही उचलून घेत होतो.’

भगिनींनो, आपल्याला कायदे करायचे नाहीत, सह्या करायच्या नाहीत. पण वाट पाहणाऱ्या मुलांना आठवड्यातून एक दुपार आपण देऊ शकतो. ज्यांना अक्षर बरे आहे, त्यांनी वह्या लिहायला यावे. ज्यांना मांडी आहे, त्यांनी नुसते यावे.