आगमनकाळातले आमचे घर
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी भाषण करणार हे कळल्यापासून घरात माझी थट्टाच चालली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे जे रोजचे आहे तेच सांगणार. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या नाताळाविषयी बोला." पण नाताळ काय, सगळ्यांना ठाऊक आहे. तारा, केक, गोठा आणि लाल टोपीवाला म्हातारा. तुम्ही सगळ्या त्या दिवशी आमच्याकडे येताच. मी सांगणार आहे ते त्याच्या आधीच्या चार आठवड्यांविषयी. तेव्हा आमच्या घरी कोणी पाहुणा येत नाही, आणि घरातले खरे काय ते तेव्हाच घडते.

या दिवसांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. नाताळाच्या आधीचे चार रविवार मोजायचे, त्यांतल्या पहिल्या रविवारी हा काळ लागतो. म्हणून त्याची तारीख दर वर्षी बदलते, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीतरी. कधी पुरे चार आठवडे मिळतात, कधी तीनच आठवडे आणि एक दिवस. २०२३ साली तर चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला. सकाळी चौथी मेणबत्ती आणि रात्री नाताळची मिस्सा! त्या वर्षी आमची कशी धांदल उडाली ते विचारू नका.

हा काळ सणाचा नव्हे, वाट पाहण्याचा. चर्चमध्ये फादर जांभळी वस्त्रे घालतात, वेदीवर फुलांची गर्दी नसते, रविवारच्या मिस्सेतले महिमागीत बंद असते. तिसऱ्या रविवारी तेवढा जांभळा जाऊन गुलाबी रंग येतो, कारण तो आनंदाचा रविवार. अर्धी वाट सरली म्हणून. माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ या वर्षांत रोमला मोठी धर्मसभा भरली, आणि त्यानंतर मिस्सा आपल्या भाषेत आली. आजी म्हणे, तोवर आगमनकाळ आम्हांला डोळ्यांनी कळायचा, मग कानांनीही कळू लागला.

आता आपल्या वसईचे हवामान पाहा. आमच्या पुस्तकांतल्या चित्रांत बर्फ असतो, पण आपल्याकडची थंडी ती कसली? पहाटे गोधडी ओढून घ्यावी आणि नऊ वाजता स्वेटर काढून ठेवावा, एवढीच. तरी घराला ती कळते. भात झोडून घरात आलेले असते, पेंढ्याची उडवी रचलेली असते, वाडीत वालाचे वेल धरू लागलेले असतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्याला वलांड्यांवर बोंबील वाळू लागतात आणि वारा फिरला की तो वास आमच्या ओटीपर्यंत येतो. सासूबाई माळ्यावरून गोधड्या काढायला लावतात. दोन दिवस कडक ऊन द्यायचे, उसवलेले टाके घालायचे. मग टाचांना लावायला कोकमाचे तेल, सुंठ आणि गूळ यांची बरणी. हे सगळे तुमच्याही घरी होते. आमच्याकडे फक्त त्याच आठवड्यात आणखी एक काम असते, ते मेणबत्त्यांच्या चक्राचे.

हिरव्या पाल्याचे गोल कडे करायचे आणि त्यात चार मेणबत्त्या लावायच्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असे वाढवत न्यायचे. विलायतेत देवदाराचा पाला घेतात. आम्ही किनाऱ्यावर खाली पडलेल्या सुरूच्या डहाळ्या आणतो, बांबूच्या कामट्यांच्या चकतीवर सुतळीने बांधतो. चार-पाच दिवसांत सुरू पिवळा पडतो, मग पुन्हा नवा बांधायचा. ही चाल मूळची आमच्या पंथाची नाही. जर्मनीत हांबुर्ग शहरात १८३९ साली विचर्न नावाच्या एका प्रोटेस्टंट पाद्र्यांनी आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी ती काढली. मुले रोज विचारायची, नाताळाला किती दिवस राहिले? म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रोजची एक लहान मेणबत्ती आणि रविवारची मोठी अशा मेणबत्त्या बसवल्या. पुढे ती कॅथलिक घरांतही आली. शेजारणीच्या चकलीची भाजणी चांगली असली तर आपण विचारून घेतोच ना, तसेच हे.

संध्याकाळी साडेसातला दिवे मालवून आम्ही चक्राभोवती बसतो. रोझरी होते, सुवार्तेतला उतारा धाकटी वाचते. मग मुलांचा आवडता भाग येतो. गोठ्यातली गव्हाण आम्ही पहिल्या दिवसापासून रिकामी ठेवतो. दिवसभरात ज्याने कोणासाठी काही केले असेल, न सांगता पाणी भरले असेल, भांडणात आधी गप्प बसला असेल, त्याने गव्हाणीत एक काडी टाकायची. बाळ येशूला मऊ अंथरूण व्हावे म्हणून. काड्या आमच्या नव्या भाताच्या पेंढ्यातल्या. काय केले ते सांगायचे नाही, नुसती काडी टाकायची. बाळाची मूर्ती मात्र कपाटात. ती नाताळच्या रात्री मिस्सेहून आल्यावरच बाहेर निघते. गोठा मांडायची रीत संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी सुरू केली, त्याला २०२३ मध्ये आठशे वर्षे झाली. आमच्या गोठ्यात मेंढपाळांच्या जोडीला मातीचा एक बैलही आहे, पोळ्याच्या बाजारातला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थाळीत माती पसरून मोहरी आणि नाचणी पेरतो, म्हणजे नाताळला गोठ्यापुढे हिरवे शेत होते. नवरात्रात तुम्ही घटापाशी धान्य रुजवता ते पाहून माझी धाकटी म्हणाली, "मावशीकडेही आपल्यासारखेच आहे." मी म्हटले, "अगं, बी रुजायला लागते तेवढे पाणी आणि तेवढेच दिवस दोन्हीकडे."

येथपर्यंत ऐकायला गोड वाटते. पण आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. वाट पाहण्याचा हा काळ घरातल्या बाईच्या वाट्याला येतच नाही. मेणबत्ती लागते तेव्हा तिचे लक्ष कढईत असते. दिवाळीत तुमचेही हेच होते, मला माहीत आहे. भाऊबिजेच्या दिवशी तुमच्यातल्या कितीजणी पाठीला तेल चोळत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. घर पुसायचे, पडदे धुवायचे, नेवऱ्या, कुलकुल, खजुराचे रोल, केकचे सामान, मुलांचे कपडे. आणि नाताळच्या रात्री मिस्सेत बसले की डोळे मिटायचे ते प्रार्थनेने नव्हे, झोपेने. माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षे मी असाच नाताळ केला. सासूबाईंनी त्याआधी चाळीस वर्षे केला. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

बदल झाला तो २०२० साली. त्या वर्षी महाराष्ट्रातली देवळे, मशिदी, चर्च १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, पुन्हा उघडली आणि २९ तारखेला आगमनकाळ लागला. ह्यांचा पगार निम्म्यावर आला होता आणि कामही आठवड्यातून तीन दिवस. घरात बसून बसून माणूस कावलेला. एका शनिवारी मी कुलकुलचे पीठ मळले आणि परात त्यांच्यापुढे ठेवली. काही बोलले नाही. त्यांनी परातीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "फणी कुठे आहे?"

ज्यांनी कुलकुल केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एक किलो मैद्यात पाव किलो रवा, चमचाभर मीठ, थोडे तूप गरम करून घालायचे आणि नारळाच्या दाट दुधात घट्ट मळायचे. तासभर झाकून ठेवायचे. बोराएवढी गोळी घ्यायची, नव्या कोऱ्या फणीच्या दात्यांवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची. शंखासारखा आकार येतो, वर रेघा उठतात. टोक नीट दाबले नाही तर तेलात उलगडते. मध्यम आचेवर तळायचे, मग पक्क्या पाकात घोळवायचे. कृती सोपी आहे, पण एक किलो पिठाचे शेकडो होतात. एकटी बाई बसली तर दिवस मोडतो. सहाजण बसले तर दीड तासात परात रिकामी.

सासूबाईंना ते रुचले नाही. "पुरुषमाणसाने फणी धरायची?" म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. मला वाटते राग पुरुषाने काम केल्याचा नव्हता. आपल्याला हे कधी मिळाले नाही, त्याचा होता. तिसऱ्या दिवशी त्या आपण होऊन येऊन ह्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझे टोक सुटते आहे, असे दाब." त्या वर्षी २२ डिसेंबरपासून रात्रीची संचारबंदी लागली, मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी झाली. फराळही थोडाच होता. पण त्या मिस्सेत मी जागी होते.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला आहे. आगमनकाळाच्या दुसऱ्या शनिवारी कुलकुल, सगळ्यांनी बसून. ते डब्यात महिनाभर टिकतात. नेवऱ्या सुक्या खोबऱ्याच्या, तिसऱ्या आठवड्यात. ओल्या नारळाच्या कराव्या तर अगदी शेवटी कराव्या लागतात आणि तिथेच जीव जातो, म्हणून त्या सोडल्या. केक विकत आणते. ह्यावर काही बायका नाक मुरडतात. मुरडू देत. घरची चव म्हणजे घरातल्या बाईची कंबर नव्हे. आणि साडेसातला गॅस बंद, काहीही झाले तरी. डबे मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत उघडायचे नाहीत. धाकटी रोज डबा हलवून आवाज ऐकते, तेवढ्याची तिला मुभा आहे.

एक डबा त्याआधीच बाहेर जातो. ज्या घरातले माणूस वर्षभरात गेले असेल त्या घरी आमच्याकडेही पुष्कळजण तळण करीत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या आळीत एकीचा नवरा गेला. पदरात दोन मुले. सगळ्यांनी तिच्याकडे नाताळच्या दिवशी ताटे न्यायची ठरवली. मी दोन आठवडे आधीच गेले आणि तिला आमच्या परातीशी बोलावले. काहींना ते बरे दिसले नाही. पण दुःखातल्या बाईला ताट मिळते, बसायला जागा मिळत नाही, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले आहे. ती आली. फारशी बोलली नाही. तिच्या धाकट्याने निम्मे पीठ कच्चेच खाल्ले.

आता थंडीचे. दिवाळीनंतर वसईच्या पूर्वेला आणि भिवंडीकडे वीटभट्ट्या लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी आणि वारली कुटुंबे मुलांबाळांसकट येऊन भट्टीशेजारी झोपड्या घालतात. मोकळ्या माळावर पहाटेचा गारठा आमच्या ओटीवरच्या गारठ्यासारखा नसतो. आगमनकाळात आम्ही रोज तांदूळ धुण्याआधी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकतो. नाताळपर्यंत एका घराचे किलोभराच्या वर होतात, आळीतल्या दहा-बारा घरांचे मिळून पोते उभे राहते. ते भट्टीवर जाते, बरोबर चादरी आणि मुलांचे स्वेटर. मात्र एक बघा, फाटके देऊ नका. टाके घातलेली गोधडी चालते, भोके पडलेली नको. मागच्या वेळी गाठोड्यातून काय काय निघाले ते सभेत सांगण्यासारखे नाही.

हे मडके केवळ ख्रिस्ती घरांनीच ठेवावे असे काही नाही. मंडळाने ठरवले तर डिसेंबरभर प्रत्येकीने एक मूठ ठेवावी. पोते न्यायला टेम्पो आमचे हे बघतील, मी त्यांना विचारलेले नाही, पण बघतील.

आणि कुलकुलचा शनिवार मी चिटणीसबाईंना कळवीन, त्या फळ्यावर लिहितील. दुपारी तीन वाजता, आमच्या ओटीवर. ज्यांना यायचे त्यांनी नवऱ्याला, मुलांना घेऊन यावे. पीठ मी मळून ठेवते. येताना आपापली फणी आणा, नवीन, बाजारातून घेतलेली. डोक्याची चालणार नाही.