घरातल्या सगळ्यांची सायकल

(विक्रीसाठी मुंबईत आलेल्या आपल्या गटांच्या भगिनींसमोर शीव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही ज्या जागी बसला आहात, तिचं नाव शीव. गावाची शीव असते ना, तीच. जुन्या मुंबई बेटाची हद्द इथे संपायची आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. आज मला अशाच एका शिवेबद्दल बोलायचंय. आपल्या घरात सायकल येते, पण ती घरातल्या बाईपर्यंत येत नाही. मधेच शीव लागते.

आधी माझी चूक सांगते. मुलाने हट्ट धरला म्हणून आम्ही गिअरची सायकल घेतली. साडेअकरा हजार मोजले. जाड टायर, पुढे शॉकर, चकचकीत रंग. ठरवलं होतं की रविवारी सकाळी सगळ्यांनी माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनला जायचं, आळीपाळीने चालवायची. झालं काय? मुलगा चालवायचा, आणि मी त्याची पाण्याची बाटली धरून फुटपाथवर उभी. सीट इतकी उंच की माझे पाय टेकेनात. मुलगी तर हातही लावेना. वर्षभरात गिअर बिघडले, मग सायकल चाळीच्या जिन्याखाली धूळ खात पडली. शेवटी चार हजाराला विकली. साडेसात हजार गेले ते गेलेच, पण मला जास्त वाईट वाटलं ते मुलीचं. तिची शिकायची दोन वर्षं गेली.

म्हणून एकच गोष्ट सांगते. घरासाठी सायकल घेताना जो सगळ्यात चांगली चालवतो, त्याच्या मापाने घेऊ नका. जी सगळ्यात जास्त घाबरते, तिच्या मापाने घ्या. तिला जमली की बाकीच्यांना जमतेच. सीट वर घेतली की उंच माणूसही तीच चालवतो.

आता दुकानात काय बघायचं ते ऐका.

पहिलं, माप. सीटवर बसा. शिकणाऱ्या बाईचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मोठ्या माणसांना साधारण 26 इंची चाकाची सायकल पुरते. ठेंगण्या बाईला आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना 24 इंची बरी पडते. सात-आठ वर्षांच्या लेकराला 20 इंची. “वाढत्या अंगाचं आहे, मोठीच घेऊ” असं फ्रॉकच्या बाबतीत चालतं, सायकलच्या बाबतीत नाही. पाय न टेकणारं मूल पडतं, आणि एकदा भीती बसली की बसते.

दुसरं, नळी. आपण साडी नेसतो, त्यामुळे मधली नळी खाली वाकलेली लेडीज सायकल चढायला-उतरायला सोपी. पण एक गंमत सांगते. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्हा आहे. 1991 नंतर तिथे साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायचं काम निघालं. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते उचलून धरलं. खेड्यातल्या हजारो बायका शिकल्या, त्यांना सायकलीसाठी बँकेचं कर्जही मिळालं. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा कित्येक जणींनी जेंट्स सायकली घेतल्या. कारण काय, तर पुढच्या नळीवर लेकराला बसवता येतं! म्हणजे बघा, त्यांनी लोक काय म्हणतील ते बघितलं नाही, आपलं काम बघितलं. तुम्हीही तेच बघा.

तिसरं, चेनकव्हर आणि जाळी. चेन पूर्ण झाकलेली हवी. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी हवी, म्हणजे पदर अडकत नाही. मागे लेकराला बसवणार असाल, तर पाय ठेवायला पट्टी लावून घ्या. लोंबता पाय चाकाच्या तारांत गेला की मोठी इजा होते. यात काटकसर नको.

चौथं, ब्रेक. दोन्ही दाबून बघा. आपल्या बोटांना सहज दाबता आले पाहिजेत. घंटी, स्टँड, कुलूप आणि मागे रात्री चमकणारा लाल काच, एवढं असलं की झालं.

पाचवं, गिअर आणि शॉकर. सपाट रस्त्यावर दोन्हींची गरज नाही. स्वस्त सायकलीतला शॉकर वजन तेवढं वाढवतो. स्वस्त गिअर सारखे जुळवावे लागतात, आणि ते काम प्रत्येक गावातल्या मिस्त्रीला जमतंच असं नाही. रोज घाट चढायचा असेल तर गोष्ट वेगळी. सायकल घ्यायच्या आधी गावातल्या मिस्त्रीकडे जा आणि विचारा, “दादा, तुमच्याकडे कोणत्या मापाचे टायर-ट्यूब कायम असतात?” तो सांगेल त्याच मापाची घ्या. आपल्याकडे बाभळीच्या काट्यांना तोटा नाही. पंक्चर होणारच.

आता पैशाचं. बिनगिअरची साधी नवी सायकल साधारण पाच ते सात हजारात बसते. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झालाय. पाच हजारांच्या मालावर आधी 600 रुपये कर होता, आता 250. म्हणून पक्की पावती मागा आणि कराचा आकडा वाचा.

जुनी घ्यायलाही हरकत नाही. माझी जुनीच आहे. फक्त चाक उचलून फिरवा, वाकडं डोलतं का बघा. पायडलचा दांडा धरून बाजूला हलवा, खडखड नको. नळ्यांच्या जोडावर तडा आहे का बघा. आणि मूळ पावती मागा. पावती नसलेली चोरीची निघाली तर पैसेही जातात आणि इज्जतही.

गटातून कर्ज घेतलं तर हिशेब सोपा आहे. समजा सहा हजार घेतले, महिना शेकडा एक रुपया व्याज आणि दहा महिन्यांची परतफेड. दरमहा मुद्दल 600. व्याज पहिल्या महिन्याला 60, मग 54, मग 48, असं उतरत जातं. एकूण व्याज 330 रुपये. तेही गटातच राहतं. दुकानदार हप्ता सांगेल तेव्हा कागदावर एकूण रक्कम मांडा आणि मगच ठरवा.

शाळकरी मुलगी असेल तर आणखी एक. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत 8वी ते 12वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. आणि रविवारी तीच सायकल घेऊन आईने शिकायला बसा.

शिकायचं कसं? सीट पूर्ण खाली घ्या. मिस्त्रीकडून दोन्ही पायडल काढून घ्या. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, म्हणून तेच काढू देत. मग मोकळ्या मैदानात पायाने ढकलत, घसरत चालवा. तोल आला की पायडल लावा. मी एक्केचाळिसाव्या वर्षी अशीच शिकले. दोनदा पडले, गुडघा सोलला. शेजारणी हसल्या. त्यातलीच एक पुढच्या महिन्यात शिकायला आली.

शेवटी एक प्रश्न तुम्ही मनात आणला असेल. कामासाठी सायकल ठीक, पण नुसतं फिरायला? बाईने? हो, फिरायलाच. शेळी घेतो, शिलाई मशीन घेतो, त्याचा हिशेब कमाईत होतो. पण संध्याकाळी लेकराला पुढे बसवून तळ्यापर्यंत जाऊन येण्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा? तो आपणच मांडायचा. फिरायला निघालेली बाईच उद्या दवाखान्यात, बँकेत, गटाच्या सभेला कुणाची वाट न बघता जाते.

पुढच्या बैठकीत विचारीन. सायकल कुणाच्या घरी आली ते नाही विचारणार. घरातल्या कोणकोणत्या बाईने चालवली, ते विचारीन.