गटाराच्या पोटांतील पाण्याचें माप

घरांत येणारें पाणी मीटर लावून मोजतात. परंतु तेंच पाणी मळून मोरींतून बाहेर पडलें, म्हणजे त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. भुयारी गटारांत पाणी किती चढलें आहे, हें पूर्वीं झांकण काढून काठीनें पाहावें लागे. हें काम जिवावरचें आहे. गटारांत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायु सांचतो. प्रथम त्यास नासक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढलें कीं नाकच बधिर होतें, आणि वास नाहीं म्हणून निर्धास्तपणें उतरलेला मनुष्य वर येत नाहीं. भारतांत २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून गटारांत माणूस उतरविण्यास मनाई केली. तरी असे मृत्यु त्यानंतरहि घडले.

हें माप घेणाऱ्या यंत्रांची एक जात ध्वनीवर चालते. विहिरींत हांक मारली असतां ती परत येते, हें श्रोत्यांच्या अनुभवाचेंच आहे. नळाच्या माथ्याशीं बसविलेलें यंत्र मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा ध्वनि खालीं सोडतें व प्रतिध्वनीची वाट पाहतें. वीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. तो चार सहस्रांश सेकंदांत परतला, तर जाण्यायेण्याची वाट १३७ सेंटिमीटर. अर्थात् पाणी यंत्राखालीं सुमारें ६९ सेंटिमीटरांवर. यंत्र तळापासून १०० सेंटिमीटर उंच असेल, तर पाण्याची खोली ३१. त्रैराशिक शिकलेल्या मुलासहि हा हिशेब जमेल! मात्र हवा एक अंशानें तापली कीं ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ०.६ मीटरनें वाढतो, म्हणून यंत्रांत उष्णतामापकहि ठेवावा लागतो. पाण्यावर फेंस आला तर ध्वनि त्यांतच जिरतो, आणि पुरांत यंत्र बुडालें तर तें मुकेंच होतें.

अशा वेळीं तळाशीं बसून डोक्यावरील पाण्याचा दाब मोजणारें यंत्र कामास येतें. एक मीटर पाण्याचा दाब सुमारें ९.८ किलोपास्कल भरतो. मात्र गाळ व चिंध्या त्यास छळतात.

खोली कळली म्हणजे प्रवाह कळला, असें मात्र नव्हे. आयर्लंडमधील इंजिनियर रॉबर्ट मॅनिंग यांनीं १८८९ मध्यें मांडलेल्या सूत्रानें खोली, उतार व नळाचा खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढतां येतो. पण पुढें नळ तुंबला असेल तर पाणी चढतें आणि वाहणें मंदावतें, व सूत्र नेमकें उलट सांगतें. म्हणून जेथें अचूक माप हवें, तेथें वेगहि निराळा मोजतात. हीच फसगत दुसऱ्या रीतीनें उपयोगी पडते: पावसाचा थेंब नसतां एखाद्या ठिकाणीं पाणी अकारण चढूं लागलें, कीं पुढें अडथळा आहे, हें कचेरींत बसून ओळखतां येतें. यंत्रावर चढलेली चरबी पुसण्यास मात्र माणूसच जावा लागतो.