बालवाडीच्या अंगणातील उड्डाण



माळढोक पक्ष्यासाठी आपल्या जिल्ह्यात नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. सुमारे १५ किलोपर्यंत वजन असूनही हा पक्षी उडतो. आज तो अत्यंत दुर्मिळ झाला आहे. परंतु ‘एवढा जड पक्षी उडतो कसा?’ हा प्रश्न बालकाच्या मनात उभा राहिला, की शिक्षणास आरंभ झाला असे समजावे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड येथे परिसरातीलच साहित्य वापरून बालशिक्षण ग्रामीण व आदिवासी मुलांच्या दारी नेले. तोच मार्ग येथेही अनुसरता येईल. सारखे दोन कागद घ्यावेत, एकाचा बोळा करावा व दोन्ही एकाच वेळी खाली सोडावेत. बोळा आधी पडतो. पसरट कागदास हवा अडविते. वजन तेच असता हा फरक का, हे प्रथम मुलांनाच सांगू द्यावे. कागदी विमान किती पावले गेले हे मोजताना अंकज्ञान होते. भिंगरीवरून वाऱ्याची दिशा कळते. वाऱ्यावर तरंगणारी रुईची म्हातारी पाहून बी दूर कसे जाते, हे उमगते.

पंचायत सदस्यांना एक विनंती आहे. बालवाडीस भेट देताना ‘किती अक्षरे आली?’ एवढेच विचारू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाची बोटे लेखनासाठी अद्याप तयार होत असतात. घाई केल्यास शाळेची भीती बसते. ‘आज काय उडविले, काय दिसले?’ असेही विचारावे. आणि या खेळांसाठी लागणारे मोकळे अंगण गावाने अतिक्रमणापासून राखावे, एवढेच सांगावयाचे आहे.