सेवासंस्था आणि नगरशासन
(मनीषनगर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या मनीषनगरात सायंकाळी बाकांवर बसणाऱ्या वृद्धांपैकी कित्येकांची मुले दूरदेशी आहेत. काहींना तर कोणीच नाही. अशा निराधारांसाठी मंडळाने शुश्रूषागृह काढावे व महानगरपालिकेकडे साहाय्य मागावे, अशी सूचना आली आहे. तिचे मी स्वागत करतो. मात्र अर्ज लिहिण्यापूर्वी एक कटू गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते.

पूर्वी मी निराश्रित वृद्धांच्या एका लहानशा संस्थेचा चिटणीस होतो. अनुदान माणशी मिळे. एकदा दोन वृद्ध संस्था सोडून गेले. मी हजेरीपटावर त्यांची नावे तशीच ठेवली. हेतू लोभाचा नव्हता. आधीचे अनुदान आठ महिने अडकलेले, वाण्याची उधारी थकलेली. (कचेरीतून विलंबाचे कारणही कळत नसे, हे सांगितलेच पाहिजे.) तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने पंक्तीतील ताटे मोजली आणि पट मिटला. तो एक शब्दही बोलला नाही. शाळेत आयुष्यभर मुलांची हजेरी घेणाऱ्या मला त्या मौनाने जी लाज वाटली, ती अद्यापि गेलेली नाही. पुढे आमची खरी बिलेही संशयाने पाहिली जाऊ लागली.

पैसा वेळेवर न आला की संस्था आकडे फुगविते, आणि फुगलेले आकडे दिसले की कचेरी पैसा अधिकच अडविते. हे रहाटगाडगे प्रथम आपण थांबवावे.

याच नगरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली मातृसेवा संघाचे कार्य आरंभिले; १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मध्ये चाळीस वर्षे गेली. एका अर्जाने असा लौकिक मिळत नसतो.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम व त्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय, अशी योजना राज्य शासनाकडे सोपविली आहे. तेव्हा आपण भिक्षा मागावयास जात नाही. पण काम सरकारी म्हटले की हिशेब मागण्याचा अधिकारही त्यांचाच.

म्हणून हजेरीपट दाराशी टांगावा आणि संख्या घटली तर त्याच दिवशी आपण होऊन कळवावी. आयुक्तांकडेही करारातच हप्त्याची तारीख आणि विलंब झाल्यास लेखी कारण मागावे. त्यात संकोच नको. पहिले सहा महिने उधारीवर नव्हे, वर्गणीवर काढावेत. वही बाहेरच्या टेबलावर ठेविली आहे.

चिटणीसपद तरुणांपैकी कोणी घ्यावे. हजेरी घ्यावयास मी रोज येईन.