ज्या ड्रॅगनला लढायचं नव्हतं



गोष्ट शिकवताना आपण तिचे दोन तुकडे करतो. आधी कथानक, मग पात्रं. ‘स्वभावविशेष लिहा’ या प्रश्नाखाली मुलं शूर, दयाळू, प्रामाणिक असं लिहून मोकळी होतात. ही विशेषणं कुठल्याही नायकाला चालतात, म्हणून त्यांतून त्या गोष्टीबद्दल काहीच कळत नाही. स्वभाव कळतो तो माणूस पुढे काय करतो यावरून. हे मुलांना दाखवायला ड्रॅगनच्या विनोदी परीकथेइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही.

कारण ड्रॅगनने काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. आग ओकायची, गावं जाळायची, राजकन्या पळवायची आणि शेवटी वीराच्या हातून मरायचं. साचा इतका पक्का की एखादा ड्रॅगन त्यातून जरा सरकला तरी मुलं हसतात. हसली, म्हणजे ते सरकणं त्यांनी नेमकं पकडलं. शिकवायला तिथूनच सुरुवात करावी.

केनेथ ग्रॅहमची ‘द रिलक्टंट ड्रॅगन’ घ्या. १८९८ च्या ‘ड्रीम डेज’ या पुस्तकातली ही कथा. इंग्लंडमधल्या टेकड्यांवरच्या एका गुहेत ड्रॅगन येऊन राहतो. मेंढपाळाचा वाचनवेडा मुलगा त्याच्याशी जाऊन गप्पा मारतो. ड्रॅगन आळशी, कविता करणारा. भांडणाची त्याला मुळीच हौस नाही. मग ड्रॅगन मारणारा वीर सेंट जॉर्ज गावात येतो, आणि गावकरी ड्रॅगनचे रचलेले अपराध त्याला ऐकवतात. त्यांना लढाई बघायची आहे.

इथे वर्गात पुस्तक मिटावं आणि विचारावं, लढाई कुणाला हवी आहे? ड्रॅगनला नको. मुलाकडून खरं कळल्यावर जॉर्जलाही तिच्यात अर्थ वाटत नाही. मुलाला तर ती नकोच. तरीही ती टळत नाही, कारण सारा गाव वाट पाहतोय. मुलांना इथे थोडा वेळ अडकू द्यावं. मला हा या गोष्टीतला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. यातून निघणारी वाट फक्त या तिघांनाच सुचू शकते. मुलगा जॉर्जला थेट गुहेत घेऊन जातो, लुटुपुटीची लढाई ठरते आणि भाला कुठे टोचला तर दुखणार नाही तेही आधीच पाहून ठेवलं जातं. प्रत्यक्ष सामन्यात दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ड्रॅगन जमावापुढे उड्या मारून, गर्जना करून दाखवतो. लढाई नको असणारा हा प्राणी नाटकात मात्र रंगून जातो. कविता ऐकवायला उत्सुक असलेला ड्रॅगन प्रेक्षक दिसल्यावर दुसरं काय करणार?

रॉबर्ट मन्श यांच्या १९८० च्या ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’मध्ये स्वभावातून कथानक घडणं फार थोडक्यात साधलंय, म्हणून लहान वर्गांना ती आधी द्यावी. राजकन्या एलिझाबेथ ड्रॅगनशी लढत नाही, त्याची स्तुती करते. तो फुशारकीने जंगलांमागून जंगलं जाळतो, आग संपवून बसतो, जगाला फेऱ्या मारून थकतो आणि झोपतो. त्याच्या बढाईखोरपणातूनच सगळं कथानक निघतं.

ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये कथानकाला पहिलं स्थान दिलं आणि स्वभावाला दुसरं. तो शोकांतिकेबद्दल बोलत होता. मुलांना शिकवताना मी हा क्रम पाळणार नाही, दोन्ही एकदमच हातात देईन.

त्यासाठी एक काम द्यावं. ग्रॅहमच्या गोष्टीतल्या एकाच पात्राचा एकच गुण बदलायचा आणि तिथून पुढचं लिहायचं. मुलगा भित्रा केला, तर गुहेपर्यंत जाऊन बोलणारा कुणी उरत नाही. जॉर्ज हट्टी केला, तर भाला खराच रोखला जातो. ड्रॅगन कवी नसून नुसता आळशी असेल, तर तो गुहेबाहेर येईल का, आणि नाही आला तर जमलेला गाव काय करेल, हे मुलांनीच ठरवावं. त्याला अर्धं पान पुरे.