इनामगावची मडकी

आपल्या कृष्णेला पुढे भीमा मिळते आणि त्या भीमेला घोड नदी. घोडकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, धान्याची पेवं सापडली. मूल दगावलं की दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यांत त्याला ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. लेकरू घरातच राहावं, असं त्या आईला वाटलं असेल. (पुरावा नाही, इंजिनिअर असूनही हा अंदाज मी करतो.) उत्खननाच्या १९८८च्या अहवालावर ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी अशी तीन नावं आहेत. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं आपल्याला सारखं विचारतात. त्या मडक्यांवर कुणाचंच आडनाव नाही. विचारणाऱ्यालाही सोबत घ्या आणि पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघून या.